भिंतीच्या पोटातली तार

धरणाची भिंत बाहेरून मोठी करारी दिसते, पण तिच्या पोटात एक अरुंद वाट असते. परवा मी हौसेने तिच्यात शिरलो आणि मागचं लोखंडी दार अडकून बसलं. सोबतचे मोजणीवाले गणपतराव निवांत होते. “बसा भाऊसाहेब, येतील माणसं.” मी मात्र पिंजऱ्यातल्या वाघाचा प्रवेश सुरू केला. चार पावलं पुढे, चार मागे.

“वाघोबा, स्वस्थ बसा. तार डोलतेय.”

समोर वरून एक लांब तार लोंबत होती. तिचं डोलणं लवकर थांबावं म्हणून टोकाचं वजन तेलात बुडवलेलं होतं. धरण भरलं की भिंत केसभर पुढे झुकते, पाणी उतरलं की मागे येते. ते ही तार सांगते. यंदा पाणी उतरलं, तरी मागच्या मोजणीत भिंत मागे आलेली दिसली नव्हती. आणि भिंतीखालच्या गावात गणपतरावांची लेक नांदत होती.

मी बसलो. मजबूत म्हणजे न हलणारं, असं मी आजवर समजत होतो. इथे तर सगळी भिस्त परत येण्यावर.

तार स्थिरावत आली आणि दारावर पहार वाजली. दार उघडलं की वारा शिरणार, तार पुन्हा डोलणार. मघापासून सुटकेसाठी तळमळणारा मीच ओरडलो, “उघडू नका रे, थांबा जरा!”

बाहेरची पहार थांबली. गणपतराव तारेजवळच्या मोजपट्टीवरल्या भिंगाला डोळा लावून किती तरी वेळ वाकलेलेच होते. मग हळूच कंबर सरळ करत म्हणाले, “आली परत. आता सोडा म्हणावं वाघाला.”