लिंब म्हणजे लिंबू नव्हे

साळवे बाईंची आणि माझी पहिली ओळख तांदळाच्या धुवणावरून झाली. मी मूळचा रत्नागिरीकडचा. चिकलठाण्याच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून या कॉलनीत आलो. पहिल्याच आठवड्यात मी धुवण गटारीत ओतताना शेजारच्या फाटकातून आवाज आला, "अहो सर, ते पाणी तिथं कुठं ओतता? झाडं काय उपाशी ठेवायची?" आठ-आठ दिवसांनी नळ येणाऱ्या शहरात आमच्या गल्लीत एवढी सावली कशी, हे मला तेव्हा कळलं.

प्रमिलाबाई साळवे सोयगाव तालुक्यातल्या. गंगापूरकडच्या शाळेत त्यांनी हयातभर शिकवलं, तेही जीपमध्ये दाटीवाटीनं जाऊन-येऊन. इथं घर बांधलं तेव्हा भोवती उघडा माळ होता. त्यांनी कॉलनीच्या गेटजवळ कडुलिंबाचं पहिलं रोप लावलं आणि घरातल्या धुण्याभांड्याच्या पाण्यावर जगवलं. आज 'जय भीम' म्हणत येणारे आणि 'राम राम' म्हणत येणारे, दोघांनाही बाई त्याच झाडाखाली बसवून चहा पाजतात.

आता माझा गुन्हा सांगतो. अक्षर बरं म्हणून कॉलनीचे अर्ज लिहायचं काम माझ्याकडे आलं होतं. गेटजवळ लिंबाचं एक खुरटं झुडूप पार वाळलं होतं. मी झोकात लिहिलं, 'गेटजवळील वाळलेले लिंबाचे झाड काढावे.' आमच्याकडे लिंबाचं झाड म्हणजे लिंबूच! इथं लिंब म्हणजे कडुलिंब, हे मला कुणी सांगावं? महापालिकेची माणसं करवत घेऊन आली ती नेमकी फाल्गुनात. बाईंच्या लिंबाची सगळी पानं गळालेली, झाड उघडंबोडकं. अर्जाशी तंतोतंत जुळणारं!

मी धावत पोचलो तेव्हा बाई बुंध्याला खुर्ची टेकवून बसल्या होत्या. मुकादम म्हणत होता, "बाई, वाळलंय की झाड. अर्ज हाये आमच्याकडं."

"वाळलं नाय, बाबा. पानं गाळलीत त्यानं. पंधरा दिवस थांब, मग ये अन् बघ."

त्यांनी अर्ज मागितला. खाली माझी सही. बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मुकादमाला म्हणाल्या, "आमच्याच माणसाची चूक हाये. झाडाची जबाबदारी माझी, कुठं लिहून देऊ?" चारचौघांत त्यांनी माझं नाव घेतलं नाही. ते मी आजवर विसरलेलो नाही.

पंधरा दिवसांत झाड तांबूस पालवीनं भरलं. पाडव्याला अख्ख्या गल्लीनं त्याचाच पाला नेला. बाईंनी मात्र माझ्या हातात एक रोप ठेवलं, "घ्या सर. हे लिंबू बरं का, लिंब नाय!" ते वाळक्या झुडपाच्या जागी लावलं. आता त्याच्या लिंबांचं लोणचं दर वर्षी बाईंकडे जातं.

यंदा बाईंना पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली. गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे दोन महिने त्या बाहेर आल्या नाहीत. झाडाखालची खुर्ची रिकामी बघून परवा कुणीतरी हळहळलं, "बाई आता थकल्या." मला रागच आला. धुवणाची बादली लिंबाच्या आळ्यात रिकामी करत मी ठणकावून सांगितलं, "थकल्या नाहीत. पानं गाळलीत त्यांनी. पंधरा दिवस थांबा!"

बाई, शंभरीचा चहाही आम्हाला याच लिंबाखाली तुमच्या हातचा प्यायचाय. लवकर या. खुर्ची मी रोज पुसून ठेवतो.