टाचणीची पानं

“कर सही,” बडेबाबू म्हणाले आणि कागद फूटपट्टीनं माझ्याकडे सरकवला.

चार वर्षं ते मला कागद असेच देत आले. हातात कधी दिला नाही. टेबलावर ठेवायचा, फूटपट्टीनं ढकलायचा. पहिल्या महिन्यात वाटलं, टेबल मोठं आहे म्हणून. दुसऱ्या महिन्यात कळलं. मग सवय झाली. माणसाला कशाचीही सवय होते, हे मी अभिमानानं सांगत नाही.

कागदावर टाइप केलं होतं, ‘माझ्या निष्काळजीपणामुळे अकरा विद्यार्थ्यांची नावे विद्यापीठाकडे पाठवावयाची राहिली.’ खाली माझं नाव. सहीपुरती जागा मोकळी.

वाशीमच्या एका कॉलेजात मी कनिष्ठ कारकून होतो. गाव मेडशी. घरात शिकलेला पहिला. नोकरी चौथ्या वर्षीही हंगामीच. कायम करायचा कागद कॉलेजच्या मंडळापुढे पडून होता, आणि तो वर काढणं बडेबाबूंच्या हातात होतं. ते आमचे हेडक्लार्क.

त्या वर्षी विद्यापीठानं आपला जुना कारभार बदलायला घेतला होता. तोवर सगळं हातानं चाले. जाडजूड रजिस्टरं, खाडाखोड, महिनोन्महिने रखडणारे निकाल. आता निकाल मशीन लावणार होतं. एका विद्यार्थ्यामागे भोकं पाडलेलं एक कार्ड. आम्हाला चौकटींचे फॉर्म आले. एका चौकटीत एक अक्षर, आणि सगळ्यात वर कॉलेजच्या दाखल रजिस्टरातला क्रमांक. तो क्रमांक नसेल तर मशीन नाव घेणार नाही, असं परिपत्रकात स्पष्ट होतं. बडेबाबूंचं अक्षर वळणदार, ते काही चौकटीत मावेना. म्हणून सगळे फॉर्म मी भरले.

आमच्या, म्हणजे बौद्धांच्या पोरांची नावं रजिस्टरात नसत. ती सुट्या पानांवर लिहायची आणि रजिस्टराच्या मागच्या पुठ्ठ्याला टाचणीनं लावायची, अशी कॉलेजची रीत. स्कॉलरशिप मंजूर झाली की चढवू, असं सांगत. स्कॉलरशिप मंजूर व्हायची. नावं चढायची नाहीत. एखाद्या पाटलाचा पोरगा नुसता हात हलवत आला, गुणपत्रिकाही न आणता, तरी त्याचं नाव पहिल्या दिवशी रजिस्टरात.

माझं बी.ए. असंच टाचणीवर झालं. आणि कारकून झाल्यावर ती टाचणी मी स्वतःच्या हातानं लावत आलो. हे सांगताना आजही मान खाली जाते.

फॉर्म भरताना मी विचारलं होतं, “बडेबाबू, ह्या सुट्या पानांचं काय करायचं? यांना क्रमांकच नाही.”

“त्याचं मी पाहतो. तू पुढचे भर.”

मी पुढचे भरले. पुन्हा विचारलं नाही.

पोरं परीक्षेला बसली, कारण प्रवेशपत्रं जुन्याच पद्धतीनं, हातानं लिहून आली होती. निकाल मात्र मशीननं लावला. लांबच लांब छापील कागद आला. मी बोट फिरवत वरून खाली गेलो, मग खालून वर. अकराच्या अकरा पोरं त्यात नव्हती. नापासांतही नव्हती.

त्यात कामरगावची शांता होती. बी.ए. झालेली त्यांच्या वस्तीतली पहिली मुलगी झाली असती. तिला बी.एड.ला जायचं होतं आणि प्रवेशाची मुदत जवळ आली होती. दर दोन दिवसांनी एसटीनं यायची, व्हरांड्यात उभी राहायची.

“भाऊ, आला काय जी माहा निकाल?”

“येईल.” मी दर वेळी खोटं बोलायचो. खोटं बोलूनही थकवा येतो.

तर त्या दिवशी कागद माझ्यापुढे होता. प्राचार्य स्वतः उठून ऑफिसात आले होते. आवाज मऊ. “हे बघा, तुम्ही सही केलीत की आठ दिवसांत निकाल लागतील. नाही तर चौकशी. तिला किती महिने लागतील कोण जाणे. नुकसान तुमच्याच पोरांचं आहे.”

तुमच्याच पोरांचं. कॉलेजची ती पोरं नव्हतीच.

पेन उचललं होतं मी. खरं सांगतो. माझ्यावर ठपका येईल, नोकरी जाईल, पण शांताचं वर्ष वाचेल. हा हिशेब मला मोठा उदार वाटला. मनातल्या मनात मी हुतात्माही झालो. ती त्या दिवशीही आलेली होती; फक्त तिला सांगून यावं म्हणून व्हरांड्यात गेलो.

तिनं सगळं ऐकून घेतलं. रडली नाही. म्हणाली, “तुमी सही केली तं माहा निकाल येईन. पण माही लहान बहीण पुढच्या साली येऊन राह्यली ना कालेजात. तिले बी टाचणीच लावसान काय?”

मी हातातल्या पेनाला टोपण लावलं.

“आन् तुमी नसान तं दुसरा कोणी लावन,” ती म्हणाली. “चूक तुमची हाय म्हून लिहून देलं, की रीत तशीच राह्यते. माहं साल गेलं तं जाऊ द्या.”

हे सोपं नव्हतं तिला. बोलताना पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत होती, करकचून.

आत आलो. टाइप केलेला कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूला लिहायला बसलो. नावं कुठं लिहिली जातात, टाचणी कुठं लागते, कोणाच्या सांगण्यावरून. मी माझ्या विद्यार्थीदशेपासून सुरुवात केली. टाचणी मीही लावली, हेही लिहिलं. त्याखाली सही केली आणि कागद प्राचार्यांपुढे ठेवला. मग रजिस्टर ओढलं.

“अबे, रजिस्टरले हात नोको लावू!” बडेबाबू उभे राहिले.

“चार वर्षं मीच झटकतो ते,” मी म्हणालो. “तेव्हा चालत होतं.”

“तुमा लोकाइले टेबल-खुर्ची देली, त आता मलेच कायदा शिकवून राह्यला काय?”

मी टाचणी काढली. शेवटच्या क्रमांकाखाली अकरा नावं चढवली. घाईत अक्षर बिघडलं. तिसरं नाव शांताचं.

मग चौकशी झाली. निकाल दिवाळीनंतर आले. शांता पास होती. बी.एड.ची मुदत केव्हाच उलटली होती. तिचं वर्ष गेलं ते गेलंच, त्याची भरपाई माझ्याजवळ नाही. बडेबाबूंना कोणी काही विचारलं नाही. मला मेमो मिळाला, आणि कायम होण्याचा कागद पुन्हा खाली गेला. कुठं बाहेर मी ही हकीकत सांगितली की लोक विचारतात, जिंकलात ना शेवटी? जिंकलेला माणूस एवढा थकत नाही.

जूनमध्ये प्रवेश सुरू झाले. व्हरांड्यातल्या रांगेत सगळ्यात पुढं शांताची बहीण उभी होती. पहाटेच्या गाडीनं आली होती म्हणे. बडेबाबूंनी तिचा अर्ज पाहिला, टेबलावर ठेवला आणि फूटपट्टी उचलली.

मी हात पुढं केला.

“हातात द्या,” म्हणालो. “सरकवलेला कागद मी घेणार नाही. आज नाही, उद्याही नाही.”

बडेबाबूंची फूटपट्टी अर्जाच्या कडेला टेकलेली. मी हात मागं घेतला नाही. खांदा भरून आला तरी घेतला नाही. समोर नवं कोरं रजिस्टर उघडं होतं आणि पहिल्या ओळीत मी दाखल क्रमांक घालून ठेवला होता, नावापुरती जागा मोकळी.