श्वास न घेणारा पक्षी

मोरिवलीत भीमराव रोकड्यांच्या कानाला मान होता. अंबरनाथच्या कारखान्यांपैकी एका रसायनांच्या कंपनीत त्यांनी चौतीस वर्षं बॉयलर सांभाळला. नवे इंजिनिअर काट्यांवर नजर ठेवत; भीमराव भिंतीला पाठ टेकून डोळे मिटत. "फीडपंप कण्हतोय," ते म्हणत, आणि दोन-तीन दिवसांत तो पंप खरंच उघडावा लागे. निवृत्त झाल्यावरही कुणी मोटरसायकल, कुणी पाण्याची मोटर घेऊन त्यांच्या दारात येई.

हा कान वडिलांकडून आलेला. दौलतराव रोकडे गायनपार्टीत पेटी वाजवत आणि गाणी स्वतः रचत. कारखाने येण्याआधीची मोरिवली त्या गाण्यांतच काय ती उरली होती. भाताची खाचरं, ओढ्याकाठचं जांभळाचं झाड, मलंगगडावरून उतरणारे ढग. वह्या वाळवीनं खाल्ल्या. भीमरावांना अकरा गाणी पाठ होती, आणि आपल्यानंतर ती कुणाला येणार नाहीत हेही ते जाणून होते.

एक गोष्ट मात्र त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. निवृत्तीच्या दोन वर्षं आधी तपासणीच्या वेळी डॉक्टर म्हणाले होते, "बॉयलरवाल्यांचं असंच होतं. बोलणं ऐकू येईल, ढोल ऐकू येईल. बारीक, उंच आवाज गेले तुमचे. डास कानाशी आला तरी कळणार नाही." भीमरावांनी तो कागद घडी घालून पेटीच्या भात्याखाली ठेवला. पत्नीलाही, चांगुणाबाईंनाही, ते कळलं नाही.

नात वैष्णवी बारावीची परीक्षा देऊन मोकळी झाली आणि तिनं आजोबांना फोनवरच्या एका गटात घातलं. जगभरचे गाण्याचे वेडे त्यात होते. नियम साधा होता. घरातून दिसणाऱ्या परिसराचा फोटो टाकायचा, अर्धा मिनिट त्या जागेचा आवाज ऐकवायचा, आणि मग आपल्या आयुष्यातलं एक गाणं. केनियातला एक बसड्रायव्हर लाल मातीचा रस्ता आणि आईचं गाणं पाठवी. उरुग्वेतला मेंढपाळ नुसता वारा पाठवी आणि गाणं विसरूनच जाई. फिनलंडची आइनो नावाची बाई तळ्याकाठी राहायची. पक्ष्यांची मोजदाद करणं हेच तिचं काम होतं.

"आजोबा, तुम्ही दौलतपणजोबांचं गा," वैष्णवी म्हणाली.

"त्यांना काय कळणार मराठी?"

"तुम्हाला काय कळतंय केनियाचं? तरी रडलात ना परवा."

"डोळ्यात कचरा गेला होता."

"हो, आख्खा डंपर."

उल्हासनगरच्या बाजारातून तिनं कॉलरला लावायचा छोटा माईक आणला. "बेटा, ओरिजिनलसे भी बढिया," असं म्हणून दुकानदारानं तो दिला होता, आणि नवल म्हणजे ते खरंही निघालं. दर रविवारी सकाळी चहा झाला की भीमराव गच्चीवर जात. दूर मलंगगड, अलीकडे कंपनीचं धुराडं, त्याहून अलीकडे कंपनीची भिंत आणि भिंतीला चिकटून घरांची रांग. आधी ते अर्धा मिनिट गप्प राहत, मग डोळे मिटून गात. पहिल्याच गाण्याला चारशे माणसांनी दाद दिली.

तिसऱ्या रविवारी आइनोनं विचारलं, 'तुमच्याकडे एक पक्षी सतत एकाच सुरात गातो. कोणता तो?'

वैष्णवीनं वाचून दाखवलं. भीमरावांना कुठलाच पक्षी ऐकू आला नव्हता. पण ज्याच्या कानाला मान, त्यानं हे कबूल कसं करायचं? "दयाळ असेल. लिही दयाळ," ते म्हणाले.

चौथ्या रविवारी आइनोचं उत्तर आलं. तिनं दयाळाच्या आवाजाची ध्वनिफीत शोधून ऐकली होती. 'तो हा नाही. दयाळ मध्ये थांबतो. तुमचा पक्षी श्वास घेत नाही.'

भीमरावांनी कप खाली ठेवला. "वैष्णवी, इकडे ये. नुसता गाण्याआधीचा अर्धा मिनिट ऐक. काय आहे मागे?"

तिनं इअरफोन लावले. "ते सीऽऽ ना? ते कंपनीचं आहे. होळीपासून आहे की. मला वाटलं तुम्हाला माहितीये, तुमचीच कंपनी."

"तसा आवाज काढून दाखव."

तिनं ओठ ताणून दातांतून हवा सोडली. तेवढं पाहूनच त्यांना कळलं. बॉयलरच्या सेफ्टी व्हॉल्वची बैठक झिजली होती, वाफ निसटत होती. हा व्हॉल्व म्हणजे बॉयलरचा शेवटचा दरवाजा. आतला दाब हद्दीबाहेर गेला की तो आपसूक उघडतो. त्यातून थोडी वाफ शिटी मारत निसटणं वाईटच, पण शिटी वाजतेय तोवर दरवाजा मोकळा आहे एवढं तरी कळतं.

मुलगा नरेंद्र त्याच बॉयलरवर कॉन्ट्रॅक्टवर होता. भीमराव त्याला म्हणाले, "व्हॉल्व पास करतोय, वाफ सोडतोय. सर्विसिंगला लावा."

"साहेबांना माहितीये बाबा. शटडाउनला करू बोललेत."

पाचवा रविवार गेला. सहाव्या रविवारी सकाळी, गाणं पाठवल्यावर थोड्या वेळानं, वैष्णवी हसत हसत खाली आली. "आजोबा, तुमचा पक्षी उडाला. आइनो विचारतेय कुठे गेला. म्हणते, आठवण येते त्याची. सगळ्यांनी रडके चेहरे टाकलेत."

भीमराव उठले. तडक गच्चीवर गेले. धुराड्यातून धूर येत होता. कालही येत होता, परवाही. आठवडाभरात तो एक दिवसही थांबलेला त्यांनी पाहिला नव्हता. व्हॉल्व दुरुस्त करायचा तर बॉयलर थंड करावा लागतो. इथे बॉयलर थंड झाला नव्हता आणि शिटी मात्र थांबली होती. शेवटचा दरवाजा कुणीतरी आवळून बंद केला होता.

दुपारी नरेंद्र जेवायला बसला. तीनला त्याची पाळी होती. त्याची बायको संध्या आणि चांगुणाबाई स्वयंपाकघरात होत्या. भीमराव त्याच्यासमोर पाटावर बसले.

"व्हॉल्वला कुणी हात लावला?"

नरेंद्रचा घास हातातच राहिला. "कुठल्या?"

"मला विचारतोस कुठल्या?"

तो खाली बघून भात कालवत राहिला. "स्टीम वाया जाते बोलले साहेब. ऑर्डर अर्जंट आहे. सर्विसवाला मंगळवारी येतोय, तोवर टाइट करून ठेव बोलले."

"किती फिरवलास?"

"स्क्रू अडीच आटे."

"म्हणजे माझ्यापेक्षा अर्धा जास्त."

नरेंद्रनं मान वर केली.

"चौऱ्याण्णव साल," भीमराव हळू आवाजात म्हणाले. "तेव्हाही ऑर्डर अर्जंट होती. दोन आटे फिरवले मी. शिटी बंद. तीन दिवस तसा चालवला."

"मग? काय झालं?"

"काही नाही झालं. म्हणून तर आजवर कुणाला बोललो नाही." ते पाटावर पुढे सरकले. "तीन दिवस मी डबा बाहेर आंब्याखाली खाल्ला. आत पाच माणसं जेवत होती. त्यांना नाही बाहेर बोलावलं. बोलावलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं."

स्वयंपाकघरात भांडी वाजत होती. नरेंद्र म्हणाला, "दुसरा सेफ्टी व्हॉल्व आहे ना बाबा."

"तो शेवटचा उघडलेला कधी पाहिलास?"

नरेंद्रनं पाण्याचा तांब्या ओढला.

"आज गेलास की सैल कर. सावकाश, आग कमी करून. साहेबाला माझं नाव सांग."

"तुमचं नाव सांगून काय होणार? तुम्ही परमनंट होता. मला उद्या गेटवरून परत पाठवतील."

"सहा वाजेपर्यंत बघेन. शिटी आली नाही तर मी सगळ्यांना सांगणार. तुझं नाव घेऊन."

नरेंद्र हात धुवून उठला. जाताना रोज 'येतो' म्हणायचा. आज म्हणाला नाही.

तो गेल्यावर भीमरावांनी चांगुणाबाईंना सांगितलं, "काशीआत्याकडे जाऊन या बदलापूरला. संध्याला आणि पोरीला पण घेऊन जा. राहा आज तिकडेच."

"आज? मध्येच? आणि शेजारी हळद आहे, त्यांना काय वाटेल?"

"मी आहे ना हळदीला."

चांगुणाबाईंनी चाळीस वर्षांच्या संसारात ह्या माणसाचा चेहरा पुष्कळदा वाचला होता. त्यांनी पुढे विचारलं नाही, पण पिशवीत कपड्यांबरोबर घरातले कागद आणि दौलतरावांचा फोटोही घातला. वैष्णवी तेवढी कुरकुरली. तिनं फोनवर भाषांतराचं बटण कुठे आहे ते आजोबांना दाखवलं आणि रिक्षात बसली.

आता घरात ते एकटे होते. शिटी परत आली का, हे मोरिवलीतल्या कुठल्याही पोराला ऐकू आलं असतं. फक्त त्यांना नाही. आणि कुणाला विचारावं तर तो विचारणार, का हो काका, काय झालं? नरेंद्रचा फोन पाळीभर गेटवर जमा असे. सहा वाजेपर्यंतची मुदत त्यांनी मुलाला दिली होती. तोवर विचारायला एकच माणूस होतं, आणि ते तळ्याकाठी बसलं होतं.

चार वाजता त्यांनी गच्चीवर माईक धरला आणि अर्धा मिनिट पाठवलं. गाणं नाही. एकेक अक्षर शोधत खाली लिहिलं, 'पक्षी आला का?'

काही वेळानं उत्तर आलं. 'नाही. कसला तरी बँड वाजतोय.'

शेजारी, भिंतीला लागून, हिंदुरावाच्या पुतणीची हळद होती. मांडव थेट कंपनीच्या भिंतीलाच टेकवला होता, सावली मिळते म्हणून. बेंजोवाले सराव करून घेत होते. बायका हळद कालवत होत्या. साठ-सत्तर माणसं तरी असतील.

पाच वाजता भीमराव कठड्यावरून वाकले. "हिंदुराव, अर्धा मिनिट बंद करायला सांगता का? रेकॉर्डिंग करायचंय."

"फॉरेनला चाललंय वाटतं?" हिंदुराव हसला. "ए, थांबा रे. काकांचा प्रोग्राम आहे. कुणी शिंकू नका, अमेरिकेत ऐकू जाईल."

बेंजो थांबला. मांडवातली सगळी माणसं माना वर करून, ओठ दाबून, त्यांच्या हातातल्या फोनकडे बघत उभी राहिली. नवरीनं हळदीचा हात हवेतच धरला होता. त्यांच्या मागे भिंत होती, भिंतीमागे बॉयलर हाउसचं पत्र्याचं छप्पर. भीमरावांनी एकेक चेहरा तपासला. कुणाच्याच कानाला काही लागल्यासारखं दिसत नव्हतं.

"झालं का काका?"

"झालं."

बेंजो पुन्हा सुरू झाला. उत्तर आलं. 'सुंदर शांतता. पण पक्षी नाही.'

सहा वाजायला अजून तासभर होता. भीमराव खुर्चीत बसले आणि लगेच उठले. आपल्या घरातली तिन्ही बायकामाणसं बदलापूरला सुखरूप आहेत आणि ही सगळी भिंतीला टेकून जेवायच्या तयारीत आहेत, हे त्यांना फार ओळखीचं वाटलं. फक्त आंब्याचं झाड तेवढं नव्हतं.

ते जिना उतरून मांडवात गेले. हिंदुरावाला बाजूला घेतलं आणि उभ्यानं सगळं सांगितलं. व्हॉल्व, अडीच आटे, कुणी फिरवले तेही. हिंदुरावाच्या चेहऱ्यावरचं हसू सावकाश उतरलं.

"तुमचा नरेंद्र?"

"माझा नरेंद्र. चौकशी मागून करा. आधी पोरीला उठवा आणि सगळ्यांना शाळेच्या मैदानावर न्या. रांगेतली घरं पण रिकामी करा."

हिंदुरावानं त्यांच्याकडे असं पाहिलं, की इतक्या वर्षांचा शेजार त्या एका नजरेत मागे पडला. पण तो वळला आणि ओरडून माणसं उठवू लागला. कुणी पातेली उचलली, कुणी नुसतीच पोरं उचलली. नवरी अर्ध्या हळदीनं, चपला न घालताच चालत गेली. वीस मिनिटांत मांडव ओस पडला. हळदीची परात तशीच राहिली आणि तिच्यावर माश्या बसू लागल्या.

भीमराव मांडवातच, भिंतीपासून दहा पावलांवर थांबले. माईक वर धरला. कधी नव्हे ती शांतता होती. अर्धा मिनिट झाल्यावर त्यांनी पाठवलं आणि पडद्याकडे बघत राहिले. उत्तर आल्याचा बारीक आवाजही त्यांना ऐकू येत नसे, म्हणून नजर हलवता येत नव्हती.

पडदा उजळला. त्यांनी बटण दाबलं.

'आला. तुमचा पक्षी परत आला.' पाठोपाठ फुलं आली, केनियाहून आणि आणखी कुठून कुठून.

म्हणजे पोरानं ऐकलं. भीमरावांनी मांडवाच्या खांबाला हात टेकला. तेवढ्यात पडदा पुन्हा उजळला. आइनोनं आणखी एक ओळ लिहिली होती.

'पण पूर्वीपेक्षा वरच्या सुरात आहे. आणि अजून चढतोय. घाबरलाय का तो?'

भीमरावांनी ती ओळ दोनदा वाचली. सूर चढतोय म्हणजे आतला दाब चढत होता. धुराड्यातून काळा धूर निघत होता, म्हणजे आग कमी झाली नव्हती. नरेंद्रची पाळी अकराला सुटणार होती.

मैदानाकडून हिंदुराव हाका मारत होता, "काका, इकडे या." भीमरावांनी फोन खिशात टाकला आणि भिंतीच्या कडेकडेनं कंपनीच्या गेटाकडे चालू लागले.