इथं नको

आमच्या बॅचचा मेळावा आमच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्याच सभागृहात होता. समोर कॅज्युअल्टी. आमच्यातला एक, लातूरचा सर्जन, कॉलेजचा इतिहास सांगायला उभा राहिला. पत्र्याखालचे वॉर्ड, जमिनीवर झोपलेले पेशंट, आणि पेशंटला हात लावण्याआधी तळहात चोळून गरम करायला लावणारे सर. "गोरगरिबाचा जीव याच कॉलेजनं वाचवला," तो म्हणाला. आम्ही टाळ्या कुटल्या. काहींचे तर डोळे भरून आले.

जेवताना त्याच्याच छातीत कळ आली. शर्ट घामानं भिजला. मी स्ट्रेचर आणायला कॅज्युअल्टीकडे निघालो, तर त्यानं माझं मनगट धरलं. "इथं नको. बाहेर ने."

भोवती सगळे डॉक्टर, पण का, असं एकानंही विचारलं नाही. विचारायचं काय? सगळ्यांना ठाऊक होतं. आम्ही त्याला खासगीत नेलं. वाचला.

सोमवारी मुखेडला माझ्या ओपीडीत एक म्हातारी आली. छातीत दुखत होतं. सवयीनं तळहात गरम करून मी तिला तपासलं आणि नेहमीसारखं सोबत आलेल्या तिच्या मुलाला सांगितलं, "कॉलेजच्या दवाखान्यात न्या."

म्हातारीनं विचारलं, "चांगलं हाय ना सायब तिथं?"

"हाव," मी म्हणालो. "मी तिथंच शिकलो."