चौकातला फळा आणि माझं शहाणपण

बरं चाललेलं काम सत्कार करून कसं बंद पाडायचं, हे कुणाला शिकायचं असेल तर माझ्याकडे या. मी शाळेत बाई, शिकवायची सवय आहेच!

नव्वद सालाच्या पुढची गोष्ट. केडगावात नेहमीसारखी सकाळ होती. मी भाकरी थापत होते, आमचे हे दाढी करत होते. तेवढ्यात चौकातला चहावाला बबन ओरडत आला, "सायेब, मंडळ तुमचा सत्कार करनार हाय! शाल-नारळ!"

"माझा? कशाबद्दल?" निम्म्या गालावर फेस तसाच.

फळ्याबद्दल हो! चौकात मंडळाचा काळा फळा होता. ऑफिसला जाता जाता हे त्यावर खडूने काहीबाही लिहायचे. 'आज नळ उशिरा येणार, आंघोळीची घाई नको.' 'काळी शेळी सापडली आहे. तिने माझी मेथी खाल्ली आहे. मालकाने मेथीसह भेटावे.' कुणाकडे मयत झाली तर तेही, सुंदर अक्षरात. लिहून झालं की शीळ घालत सायकलवर टांग!

एवढं करतात आणि कुठे साधं नावही नाही, हे मला खुपायचं. म्हणून मीच मंडळाच्या पोरांच्या मागे लागून तो सत्कार घडवून आणला होता. वाटलं, माणूस खूश होईल.

झाला सत्कार. दुसऱ्या दिवसापासून शीळ बंद! शेळ्या गेल्या, सुविचार आले. लिहायचे, पुसायचे, पुन्हा लिहायचे. संध्याकाळी मला विचारायचे, "अगं, आज कुणी काही म्हणालं का?"

"म्हणतात ना. नळ कधी येणार ते कळत नाही, म्हणतात."

त्यांचं जेवणावरचं लक्षच उडालं. मग मी आणखी शहाणपण केलं. बबनला गाठून सांगितलं, "साहेब दिसले की फळ्याचं कौतुक करत जा."

बबन इमानी माणूस. रोज, "वा सायेब, लई भारी!" एकदा यांना ताप होता, फळा कोराच राहिला. संध्याकाळी औषध आणायला हे चौकात गेले, तर बबन किटली घेऊन पुढे. "वा सायेब, आजचं तर लईच भारी!"

"बबन, आज मी लिहिलंच नाही."

"व्हय का? बाईंनी रोज म्हनायला सांगितलंय, म्हनून म्हनलं."

हे घरी आले. मला वाटलं, आता भांडण. तर ठसका लागेपर्यंत हसले. "शाळेत पोरांनाही अशीच शाबासकी वाटतेस का गं?"

ताप उतरल्यावर सत्काराची शाल त्यांनी सायकलच्या सीटवर गुंडाळली आणि फळ्यावर लिहिलं, 'आजपासून कौतुक बंद. नळ नेहमीच्या वेळी.' शीळ परत आली. ती शेवटपर्यंत टिकली.

हे गेले त्या दिवशी बबनने फळा स्वच्छ पुसला आणि खडू माझ्या हातात दिला. "बाई, तुमीच लिवा."

उभा जन्म फळ्यावर लिहिण्यात गेलेली मी. खडू धरून नुसतीच उभी राहिले. बाकी सगळ्यांच्या खबरा त्या फळ्यावर लागल्या. यांची तेवढी लिहायची राहिली.