एक पट

शामला पुण्यात ज्युनियर कॉलेजला जीवशास्त्र शिकवायची. नवऱ्याच्या व्हिसावर नेदरलँड्समधल्या डीमनला आली आणि वर्षानुवर्षं नुसती कुणाची तरी बायको होऊन बसली. मी तिची खालच्या मजल्यावरची शेजारीण. तिचं ते वाया जाणं बघून माझाच जीव जळायचा. लॉकडाउन लागल्यावर मीच तिच्या मागे लागून जवळच्या अ‍ॅमस्टेलव्हीन गावातल्या मराठी मुलांसाठी ऑनलाइन क्लास सुरू करायला लावला.

तिच्याकडे वडिलांनी, म्हणजे तात्यांनी दिलेला मायक्रोस्कोप होता. तात्याही शाळेत विज्ञानच शिकवायचे. वरच्या भिंगाला मोबाइल टेकवून ती कांद्याचा पापुद्रा दाखवायची. "वरचं भिंग दहाचं, खालचं दहाचं. किती पट?"

"शंभर!" मुलं ओरडायची. एकटी सानिका पट्टी घेऊन वाद घालायची, "बट मावशी, माझ्या स्क्रीनवर एक सेल टेन सेंटिमीटर आहे!"

शामला खूश व्हायची. "शाब्बास. पडद्याने ती आणखी ताणली. मग चित्राची लांबी भागिले खरी लांबी. खरी पेशी पाव मिलिमीटर."

"फोर हंड्रेड!"

"आणि चित्र नि वस्तू सारखीच असली तर?"

"वन!"

"एक पट. म्हणजे वस्तू आहे तेवढीच." मग ती हमखास तात्यांचं वाक्य ऐकवायची, "नुसतं मोठं करून भागत नाही. भिंगाने जे टिपलंच नाही, ते ताणून कुठून येणार?"

दोन हजार एकवीसच्या एप्रिलमध्ये तात्यांना पुण्यात ऑक्सिजनवर ठेवलं. भारतातून येणारी विमानं बंद झाली. शामला गेली असती तर इथे तिच्या लहान मुलाकडे परत कधी येणार, हे कुणीच सांगेना. ती गेली नाही. तात्या गेले. त्यांना गुंडाळूनच बाहेर आणलं, सिद्धार्थला, तिच्या भावालासुद्धा चेहरा दिसला नाही. आदल्या दिवशी एका नर्सने वॉर्डच्या दारातून काढलेला फोटो तेवढा त्याच्याकडे होता. तोच त्याने पाठवला.

दुपारी मी वरणभात घेऊन वर गेले. शामला लॅपटॉपसमोर बसली होती. खाटांची रांग, खिडकीपाशी तात्या, तोंडावर मास्क, अख्खा चेहरा नखाएवढा.

"डोळे उघडे होते का, एवढंच बघायचंय गं," ती म्हणाली. "जागे असतील तर माझी वाट बघत असतील. झोपेत असतील तर सुटले."

मी जेवायला बस म्हटलं. तिने ऐकलं नाही. ती फोटो मोठा करत गेली आणि दर वेळी हात पसरून पडद्यावर टेकवत गेली. "लहानपणी त्यांच्या मांडीवर बसून मोजायचे. हनुवटीपासून केसांपर्यंत माझा तेव्हाचा इवलासा हात, कोपरापासून बोटांपर्यंत. आता माझी वीत तेवढी आहे." शेवटी चेहरा बरोबर तिच्या वितीत बसला.

"एक पट," ती म्हणाली.

पडद्यावर करडे आणि तपकिरी चौकोन होते. डोळ्यांच्या जागी जरा काळे, इतकंच. तिने माझा हात धरून मला पुढे ओढलं. "तू बघ. मला रडण्यामुळे दिसत नाहीये."

मी चष्मा पुसून वाकले. एरवी मी कुणाची भीड ठेवत नाही, पण त्या वेळी जीभ रेटेना.

"मिटलेले आहेत," मी म्हटलं. "शांत झोपलेत."

"खोटं बोलतेस," शामला म्हणाली. "मी हेच शिकवते."

आणि तिने फोटो आणखी मोठा केला.