पदराविना लुगडं

मंडळी, आज वाचनालयाच्या या फळ्यावर पेपरातल्या बातम्या लिहीत नाही. सकाळी आपल्याच मोहल्ल्यात जे झालं, ते लिहितो.

आंध्रच्या किनाऱ्यावर वादळानं गावंच्या गावं नेली. वाचलेल्या बायांना नेसायला कपडा नाही, म्हणून आपण विणकरांनी प्रत्येक घरातून एकेक लुगडं जमवलं. ट्रक सकाळी सातला निघणार होता.

सातला दोन पक्षांचे दोन पुढारी आले. दोघांनाही झेंडी दाखवायची होती. एक म्हणाला, दिल्लीनं इशारा उशिरा दिला. दुसरा म्हणाला, इशारा वेळेवर होता, आंध्रचंच सरकार झोपलं होतं. मग ट्रकवर कोणाच्या पक्षाचा फलक लावायचा, यावरून जुंपली. आपण सगळे बघत उभे होतो. दुपारचा एक वाजला.

शेवटी गंगूबाई पुढे आली. ट्रक चुकू नये म्हणून तिनं पदर विणायचा बाकी असतानाच लुगडं मागावरून कापून दिलं होतं. आपल्यात असं कोणी कापत नाही.

ती म्हणाली, "काहून हो भाऊ, घाई होती ना? तुम्ही भांडून राहिले, तेवढ्यात माहा पदर विणून झाला असता!"

दोघांनी एकाच झेंडीला हात लावला. ट्रक निघाला, दोन्ही फलक लावून.

इशारा कोणी उशिरा दिला, याची चौकशी सरकार करेल न करेल. पण आजचे सहा तास कोणी घालवले? खाली खडू ठेवला आहे, नावं लिहा. पहिलं नाव मी माझंच लिहिलं आहे.